'फॉर्मल कपडे' बोलीभाषेतल्या जर्मनमध्ये

'फॉर्मल कपडे' याचं शब्दशः जर्मन भाषांतर 'फॉर्मेले क्लायडुंग'. व्याकरणात चूक नाही, पण गप्पांमध्ये ते फार पुस्तकी वाटतं. मित्राच्या लग्नाचं आमंत्रण आलं तर जर्मन माणूस सरळ विचारतो, "वास त्सीट मान दा आन?" म्हणजे तिथे काय घालतात? किंवा "एअर शिक ओडर लेझेअर?" म्हणजे छान नीटनेटकं की साधं? हा 'शिक' शब्द आधी पक्का करा, रोजच्या बोलण्यात सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडतो. 'लेझेअर' मूळचा फ्रेंच, म्हणून त्यातला 'झ' मऊ. अर्थ साधं, मोकळंढाकळं. 'फेस्टलिश', म्हणजे समारंभाला शोभेलसं, मात्र शिकच्या एक पायरी वर. आमंत्रणपत्रिकेवरचा 'आबेंटगार्डरोबे' (संध्याकाळच्या समारंभाचा औपचारिक पोशाख) बोलताना क्वचितच येतो. इतका थाट नको असेल तर सरळ "आन्त्सूक मुस निश्ट झाइन" म्हणतात, म्हणजे सूट हवाच असं नाही.

मला सर्वात आवडतो तो 'झिश इन शाले वेर्फन' हा वाक्प्रचार. शाले म्हणजे साल किंवा कवच, अर्थ ठेवणीतले कपडे चढवणं. 'झिश आउफब्रेत्सेल्न' म्हणजे नटणंथटणं, पण हे बहुतेक बायकांबद्दल बोलतात आणि त्यात किंचित टोमणा असू शकतो, तेव्हा जपून.

एक शब्द हमखास फसवतो: 'स्मोकिंग'. धूम्रपानाशी संबंध नाही, तो बो टायवर घालायचा काळा सूट. त्याच्याही वर 'फ्राक', मागे लांब शेपटं असलेला कोट. व्हिएन्नाच्या ओपर्नबालला, म्हणजे तिथल्या ऑपेरागृहातल्या नृत्यसमारंभाला, पुरुषांना फ्राकच लागतो, तिथे स्मोकिंग चालत नाही.