जुन्या घरातलं ‘कोणीतरी’ : तुमचे अनुभव लिहा

गावच्या जुन्या घरात ज्यांनी रात्री काढल्यात, त्यांच्याकडे एक तरी गोष्ट असतेच. माळ्यावर कोण चालतं, बंद खोलीतून कोण खोकतं, न्हाणीघराशी कोण उभं असतं. त्या गोष्टींसाठी हा धागा आहे. अंगावर काटा आणणार्‍या गोष्टी पुष्कळ ठिकाणी मिळतात, त्या इथे नकोत. घरच्यांनी ज्याला सांभाळून घेतलं, अशा ‘कोणीतरी’बद्दल लिहा. त्याला घरात काय म्हणत, त्याच्यासाठी काय काढून ठेवत, पुढे उलगडा झाला का? झाला असेल तर कसा ते सांगा. नसेल झाला तर तसंच राहू द्या.

घरं भराभर चालली आहेत म्हणून कळकळीने विचारते आहे. माळा उतरवून स्लॅब टाकला की त्या माळ्यावरच्या गोष्टीही संपतात. आणि त्या गोष्टींत घराबद्दल जेवढं कळतं तेवढं सातबार्‍यावर कळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

सुरुवात मीच करते. आमचं घर राजापूर तालुक्यात. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी, मध्ये काळोखं माजघर आणि त्यावर लाकडी माळा. आजी गेल्यावर घर गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात तेवढं उघडायचं. मे महिन्यात निजानीज झाली की माजघरात आंबेमोहोर शिजल्याचा वास यायचा. ओटीवर झोपलेल्या पुरुषमंडळींनाही यायचा. चुलीत तर विस्तव नसायचा. थोरली काकू म्हणायची, “सासूबाईंचा भात चढला.” रात्री-अपरात्री कोणी आलं तर असावा म्हणून आजी कायम मूठभर तांदूळ जास्त लावायची, त्यामुळे ते सगळ्यांना पटलेलं होतं.

एका सुट्टीत चुलतभावाने माळ्याच्या फळ्यांवर तांदळाचं पीठ चाळून ठेवलं. सकाळी पिठात पाच-पाच बोटांचे लहान ठसे, आणि कोपर्‍यात विष्ठा. तिच्यात जांभळाच्या अख्ख्या बिया. म्हणजे कांडेचोर! पुस्तकी नाव उदमांजर. त्याच्या अंगाला सुवासिक तांदळासारखा वास येतो आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर तो आपला वास लावून ठेवतो. आम्ही मोठ्या उत्साहाने काकूला माळ्यावर नेलं. तिने ते ठसे वाकून नीट पाहिले आणि म्हणाली, “म्हणजे सासूबाई याच्यासाठी जास्त लावत होत्या तर.” त्या रात्रीपासून माळ्याच्या जिन्याशी तिने द्रोणात भात ठेवायला सुरुवात केली.

*

वेंगुर्ल्याकडचा आहे. आमच्याकडे ‘कोणीतरी’ घरापुरतं नसतं, अख्ख्या गावाला असतं. आरवलीच्या वेतोबाला भलेमोठे चामड्याचे जोडे वाहतात, हे इथल्या बर्‍याच जणांनी पाहिलं असेल. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून जोड्यांचे तळ झिजतात, असं मानतात. लहानपणी रात्री कुत्री भुंकायला लागली की मी आजीला बिलगायचो. ती म्हणायची, “भियां नको. तो आपलोच आसा. गप पडान रव.” आणि लगेच झोप लागायची. मुंबईत वॉचमन असून तशी झोप नाही.

*

आमच्या घराची गोष्ट जरा मोठी आहे.

आजोबा लवकर गेले. आजी, दोन आत्या आणि माझे वडील, एवढीच माणसं. घर सड्याच्या कडेला, सगळीकडे जांभा, मागे कलमांची बाग. आजोबांच्या वर्षश्राद्धानंतर घरावर दगड पडायला लागले. अमावास्येच्या आसपास, मध्यरात्रीनंतर. कौलं फुटायची. गावात झालं की, घर बाधलं, बागेतल्या मुंज्याला राखण, म्हणजे त्याचा मान, मिळाली नाही म्हणून तो चिडलाय. जाणकार म्हणवणारा एक जण सल्ला देऊन गेला की बाईमाणसाने या घरात राहू नये. त्याच सुमारास भावकीतल्या एकाने निरोप धाडला, बाग मी बघतो, जे काय होईल ते देतो.

आजी शाळेत गेलेली नव्हती. पण सकाळी कौलांवरून खाली आलेला एकेक दगड ती उचलून परडीत ठेवायची. आत्यांना वाटायचं, दृष्ट काढायला ठेवते आहे. एका सकाळी तिने परडी अंगणात ओतली आणि मुलांना विचारलं, “यातला आपल्या सड्यावरचा कुठला?” एकही नव्हता. जांभा लाल, खडबडीत, भोकंभोकं पडलेला. हे सगळे काळे, गुळगुळीत गोटे. असे गोटे आमच्या गावात एकाच जागी सापडतात, खालच्या वाडीत पर्‍ह्याला, म्हणजे ओढ्याला, वळण आहे तिथे. आजी म्हणाली, “मुंज्या आपल्या पिंपळाखालचे दगड सोडून एवढ्या खाली कशाला उतरेल? आणि उतरला तरी दगडांचं ओझं वाहत चढ चढेल?”

त्या वळणाशी कोणाचं घर होतं, ते सांगायला नको.

तिने आरडाओरडा केला नाही. गणपतीत मोदकांचं ताट घेऊन त्या घरी गेली, सोबत ती परडी. ताट देवापुढे ठेवलं, परडी ओटीवर. म्हणाली, “तुमच्याकडचे आमच्याकडे आले होते, परत आणलेत.” त्यानंतर आमच्या कौलांवर दगड पडला नाही.

बाग आजही आमच्याकडे आहे. आजी दर वर्षी पिंपळाशी नारळ ठेवायची, शेवटपर्यंत. त्याच्यावर खोटा आळ आला होता, म्हणायची.

*

वरचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. ‘घर बाधलंय’ हे वाक्य किती बायकांच्या डोक्यावरचं छप्पर काढून घ्यायला वापरलं गेलं असेल! आता महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, भूत उतरवतो म्हणून छळ करणार्‍यांवर गुन्हा दाखल होतो. त्या आजींच्या काळात त्यांच्याकडे फक्त परडी होती.

*

देशावरचा अनुभव. सातारा जिल्ह्यातला आमचा वाडा, दोन चौकी, मागची माडी वापरात नाही. पणजोबा त्या माडीवर झोपायचे आणि प्रचंड घोरायचे. ते गेल्यावर माडीला कुलूप लागलं. पुढल्या दिवाळीत सगळे जमलो आणि पहिल्याच रात्री वरून घोरणं! तोच लांब ओढलेला खरखरीत सूर, मध्ये थांबायचा, पुन्हा सुरू. वडीलधारी माणसं चौकात उभी राहून ऐकत होती. माझ्या आजोबांनी तर हात जोडले.

सकाळी कुलूप काढलं. तुळईच्या खोबणीत गव्हाणी घुबडाची पिल्लं. पांढरी, लोकरीची, चेहरे चापट. आईबाप भक्ष्य आणेपर्यंत ती भुकेने असाच घोरल्यासारखा आवाज करतात. खाली जमिनीवर काळपट गोळ्यांचा खच पडला होता. एक गोळी मी पाण्यात भिजवून काडीने उकलली. आत उंदरांची इवली हाडं, बरगड्या, आणि दात शाबूत असलेली एक कवटी. घुबड पचत नाही ते असं ओकून टाकतं.

घुबड अपशकुनी म्हणून ती हाकलावी असं दोघातिघांचं मत पडलं. आजोबांनी साफ नकार दिला. बळदातल्या धान्याला उंदीर का लागत नाही याचं उत्तर त्यांना मिळालं होतं. पणजोबाही धान्याची अशीच राखण करायचे. माडीची एक झडप तेव्हापासून कायम उघडी असते.

*

मी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीजवळ राहते. इथल्या खेड्यांतली जुनी घरं ओकच्या काळ्या तुळयांची. सासू-सासरे आले होते तेव्हा आम्ही अशाच एका घरात वसंतात मुक्कामाला गेलो. रात्री सासूबाईंनी उठवलं. “भिंतीत कोणी टकटक करतंय.” खरंच, पाच-सहा टकटक, मग शांतता, मग खोलीच्या दुसर्‍या कोपर्‍यातून तसंच उत्तर.

सकाळी घरमालकीणबाईंनी नाश्ता वाढता वाढता सांगितलं. तो एक भुंगेरा. ओलीने नासलेल्या ओकमध्ये त्याच्या अळ्या वर्षानुवर्षं लाकूड पोखरतात, आणि वसंतात प्रौढ भुंगेरे डोकं लाकडावर आपटून जोडीदाराला साद घालतात. पूर्वी आजार्‍याच्या उशाशी जागणार्‍यांना रात्रीच्या शांततेत ती टकटक ऐकू यायची, म्हणून तिला मृत्यूची चाहूल मानत. पेन्सिलीने तुळईवर ठोकलंत तर तो तुम्हालाही उत्तर देईल, म्हणाल्या. त्या रात्री सासूबाईंनी ठोकलं. उत्तर आलं! मग त्या बराच वेळ ठोकत बसल्या होत्या.

कॉव्हेंट्रीचीच आणखी एक हकीकत इथे सांगायलाच हवी. व्हिक टँडी नावाचे अभियंते इथल्या एका प्रयोगशाळेत काम करायचे. तिथे लोकांना विनाकारण उदास वाटायचं, थंडी वाजायची. एका रात्री टँडींना डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली, वळून पाहिलं तर नाहीशी. दुसर्‍या दिवशी त्यांनी तलवारबाजीचं पातं दुरुस्तीसाठी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरलं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. शोध घेतला तेव्हा कळलं, नव्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्‌झची, कानाला न ऐकू येणारी कंपनं भरून राहिली होती. पंख्याची बसवण बदलल्यावर सगळं थांबलं. १९९८ मध्ये त्यांनी सहकार्‍याबरोबर यावर निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक झपाटलेल्या घराला हे उत्तर लागू पडेल असं नाही. पण अमुक खोलीत जीव घाबरतो असं कोणी सांगितलं तर मी आता ‘मनाचे खेळ’ म्हणत नाही. आधी त्या खोलीत जाऊन बसते.

*

सगळ्यांचे उलगडे होतायत, छान आहे, पण माझ्याकडे उलगडा नाही आणि मला तो नकोही आहे.

कुडाळ तालुका. पावसाळा, मी सहा-सात वर्षांची. गुरं शोधायला म्हणून भावाच्या मागे रानात गेले आणि मागे राहिले. काळोख पडला. मला आठवतं ते एवढंच, की पुढे कुठेतरी घुंगुरकाठी आपटल्याचा आवाज येत होता. छुम, मग थोडं अंतर, पुन्हा छुम. मी त्या आवाजामागून चालत राहिले. व्हाळ आला तिथे आवाज उजवीकडे वळला, मीही वळले. साकव उजवीकडेच होता. आमच्या खळ्यात कंदील दिसला आणि आवाज थांबला.

घरी कोणाकडे घुंगुरकाठी नव्हती. वडिलांनी मला कडेवर घेतलं, आजीने काहीच विचारलं नाही, सरळ आत जाऊन नारळ आणला आणि बांधाशी, जिथे राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणार्‍या देवाला, ठेवतात तिथे, ठेवून आली. नंतर व्हाळाला पाणी चढलं. डावीकडे वळले असते तर उतार शोधत मी त्या पाण्यात गेले असते.

मी स्वतः डॉक्टर आहे. घाबरलेलं मूल आवाज कसे ऐकतं, मला माहीत आहे. तरी गावी गेले की तो नारळ मीच ठेवते.

*

वरच्या ताईंना नमस्कार. गोव्यातून लिहितोय, पेडण्याहून. आमच्याकडेही राखणदाराला असंच मानतात, रोट ठेवतात. माझ्या मामाला त्याने असंच घरी आणलं होतं. तपशील त्याला विचारून लिहीन.

*

आचर्‍याच्या गावपळणीबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? काही वर्षांनी एकदा, श्री देव रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. झापांच्या खोपी घालून राहायचं, एकत्र रांधायचं, भजनं, फुगड्या. गावात चिटपाखरू नाही. घरं ‘त्यांची’. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि परतायचं.

मी आजोळी एकदा अनुभवलीय. खोपीतली मजा सगळेच सांगतात, मला परतीची वेळ जास्त आठवते. आजी सगळ्यांना ओटीखाली थांबवून एकटी दारापाशी गेली. कडी वाजवली. आपल्याच घराची! थोडी थांबली, मग दार ढकललं. आत चुलीच्या राखेवर बारीक नक्षी उमटलेली, पाली फिरल्या असतील. देवघराच्या उंबर्‍यावर मुंग्यांची रांग. आजीने रांग मोडली नाही, ओलांडून गेली आणि दिवा लावला. मग आम्हाला हाक मारली.

वर्षानुवर्षं एकत्र राहणार्‍यांनी मधूनमधून एकमेकांना घर मोकळं करून द्यावं, यापेक्षा सुसंस्कृत शेजारधर्म मला कुठे दिसलेला नाही.

*

एक अडचण आहे, म्हणून लिहितो. आमचं गुहागरकडचं घर आम्ही विकतोय. भावंडं परदेशात, आई एकटी राहू शकत नाही. घेणारं जोडपं पुण्याचं, चांगलं आहे, घर न पाडता दुरुस्त करणार आहेत. आईचं म्हणणं, मागच्या पडवीत जो आहे त्याचं काय? ती त्याला ‘बाबा’ म्हणते. संध्याकाळी पडवीचं दार आपोआप लोटलं जातं, तेव्हा दिवा लावायची वेळ झाली असं ती मानते. नव्या माणसांना हे सांगावं का? व्यवहार फिसकटेल अशी धाकट्या भावाला भीती वाटते.

*

धागा काढणारीच लिहिते आहे. जरूर सांगा. मात्र खरेदीखत झाल्यावर दलालाकडून नको. त्या जोडप्याला आईंनी घरी जेवायला बोलवावं आणि संध्याकाळपर्यंत थांबवून घ्यावं. दार लोटलं जाईल तेव्हा आईंनीच सांगावं. नारळ कुठे ठेवायचा, शाकारणीच्या वेळी काय करायचं, पडवीतला कुठला कोपरा अडवायचा नाही, हे कागदावर लिहून द्या, विहिरीच्या पंपाची आणि कौलांची माहिती लिहून द्याल त्याच कागदावर. आणि दाराची बिजागरी तेवढी कोणी बदलू नका.