गोल्फ: बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) बॉल उतारावर थांबला की काय करायचं?

आळशी_पटर:
मंडळी, सपाट बंकर आता बऱ्यापैकी जमतो, म्हणजे पिनला (होलमधल्या झेंड्याला) चिकटतो असं अजिबात नाही पण एका शॉटमध्ये ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर) येतो. ५६ डिग्रीची सॅण्ड वेज (वाळूतून मारायचा क्लब), फेस (क्लबचं तोंड) उघडा, बॉलच्या मागे दोनेक इंचावर वाळूत मारायचं, एवढं डोक्यात बसलंय. घोळ होतो तो बॉल बंकरच्या मागच्या कडेला, उतारावर थांबला की. ग्रीन समोर खाली, मागचा पाय वर, पुढचा खाली, आणि मग एकतर बॉल टॉप होऊन (वरच्या अंगाला लागून) ग्रीनपलीकडच्या झाडीत नाहीतर वाळूचा ढीग उडतो आणि बॉल तिथेच. कॅडी म्हणतो "साब आराम से", आता आरामात म्हणजे नक्की काय ते तो सांगत नाही. आमच्याकडे डोंगराळ कोर्स आहे त्यामुळे चढ, आडवा उतार, सगळंच मिळतं. हॅन्डिकॅप २२ (म्हणजे साधारणच खेळाडू), उजवा खेळतो. कोणीतरी नीट समजावा.

वाळूतला_पाहुणा:
उताराचा बॉल हा बंकरमधला सगळ्यात अवघड, त्यामुळे आधी अपेक्षा कमी करा. कारण साधं आहे, तुम्ही उताराला धरून उभे राहिलात की जमीन जेवढी खाली झुकलीय तेवढा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा) कमी होतो. १० डिग्रीच्या उतारावर तुमची ५६ ही ४६ सारखी, म्हणजे जवळपास पिचिंग वेजसारखी वागते. बॉल बुटका निघणार आणि पळणार, मग तो उंच जाऊन मऊ पडावा म्हणून आपण मागच्या पायावर रेलून त्याला उचलायला जातो आणि तिथेच सगळं बिघडतं, क्लब बॉलच्या फार आधी वाळूत आपटतो, बाउन्स (क्लबच्या तळाचा फुगवटा) उसळतो आणि क्लबची कड बॉलच्या पोटात.
तर खांदे उताराला समांतर करा, म्हणजे तुमच्या बाबतीत डावा खांदा खाली. वजन डाव्या पायावर आणि शॉट संपेपर्यंत तिथेच. पाय जरा रुंद, गुडघे वाकलेले, नाहीतर तोल जातो. बॉल नेहमीच्या बंकर शॉटपेक्षा थोडा मागे, साधारण मध्यावर. फेस आधी उघडा आणि मग ग्रिप धरा, उलटं केलं तर इम्पॅक्टला फेस परत बंद होतो. ६० ची वेज असेल तर तीच काढा. मनगट लवकर वाकवायचं, कारण मागची वाळू उंच असते आणि बॅकस्विंगमध्ये क्लब तिला घासला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायचा खेळ) दोन स्ट्रोकची पेनल्टी. आणि मारल्यावर क्लब उताराच्या बाजूने खाली जात राहिला पाहिजे, बॉलचा पाठलाग केल्यासारखा. माझ्या मते ९० टक्के लोक इथेच थांबतात.
पिनकडे बघूच नका, ग्रीनचा जिथे जास्त भाग मोकळा आहे तिकडे मारा.

गुरुवारचा_फोरबॉल:
वरचं सगळं बरोबर पण एवढं कोण लक्षात ठेवणार राव. मी तर खालच्या पायाखाली बुटाने वाळू ओढून छान पायरी करून घेतो, उभं राहणं सपाट झालं की अर्धं काम झालं. आमच्या ग्रुपमध्ये सगळेच करतात.

नियम_काका:
@गुरुवारचा_फोरबॉल, ते बंद करा बरं. पाय वाळूत घट्ट रोवणं चालतं, पण वाळू ओढून पायरी बांधणं म्हणजे स्टान्स (उभं राहायची जागा) तयार करणं झालं आणि त्याला जनरल पेनल्टी आहे, स्ट्रोक प्लेत दोन स्ट्रोक, मॅच प्लेत (होलगणिक हार-जीत) ते होल गेलं. ग्रुपमध्ये खपत असेल, क्लबच्या मंथली मेडल स्पर्धेला नको.
आता विषय निघालाच आहे तर, बॉलच्या अगदी मागे-पुढे क्लब वाळूला टेकवायचा नाही, प्रॅक्टिस स्विंगमध्ये वाळूला लावायचा नाही, वाळू घट्ट आहे का मऊ ते बघायला हात किंवा रेक खुपसायचा नाही. पाय रोवताना जे कळतं ते कळतं, ते फुकट आहे, त्याचा फायदा घ्या. सुकलेली पानं, खडे मात्र २०१९ पासून बंकरमध्येही उचलता येतात, फक्त बॉल हलता कामा नये. अजून बरेच जुने मेंबर त्यावर ओरडतात, त्यांना नवीन नियमांचं पुस्तक दाखवा.
उतार फारच वाईट असेल तर अनप्लेएबल (हा बॉल खेळण्यासारखा नाही असं सांगून सवलत) घ्या. एका स्ट्रोकच्या दंडावर बंकरमध्येच ड्रॉप (हातातून बॉल सोडणं) किंवा आधीच्या जागेवरून परत, आणि दोन स्ट्रोक घ्यायची तयारी असेल तर पिन आणि बॉलच्या रेषेत मागे बंकरबाहेर. २२ हॅन्डिकॅपला यात कमीपणा काही नाही, वाळूत चार घालवण्यापेक्षा स्वस्त.

सह्याद्री_स्लाइस:
बाकीच्या लाय (बॉल जसा पडलाय ती स्थिती) मी घेतो. चढावर उलटं गणित, १० डिग्रीच्या चढावर ५६ ची ६६ होते, बॉल सरळ वर जातो आणि पुढ्यातच पडतो. म्हणून ५२ किंवा ५० घ्या किंवा तोच क्लब बराच जोरात मारा, खांदे चढाला समांतर, वजन मागच्या पायावर, बॉल थोडा पुढे, आणि क्लब चढाच्या बाजूने वर जाऊ द्या. चढात खुपसला की बॉल एक फूट सरकतो फक्त. अपवाद एकच, बॉल कडेखाली रुतलेला असेल तर चढाकडे झुकून दणका द्यायचा आणि फॉलोथ्रू विसरायचा.
बॉल पायांपेक्षा उंच असेल तर ग्रिप खाली धरा, सरळ उभे राहा, बॉल डावीकडे जाणार म्हणून उजवीकडे एम (नेम) करा. यात वाळू जास्त निघते, जरा जपून. बॉल पायांपेक्षा खाली असेल तर ग्रिप अगदी टोकाला, स्टान्स रुंद, गुडघे जास्त वाकलेले आणि शेवटपर्यंत वाकलेलेच, कारण जरा उठलात की टॉप. बॉल उजवीकडे पळतो, डावीकडे एम. पाय रोवले की तुम्हीही तेवढेच खाली जाता हे दोन्हीत लक्षात ठेवा.
फेअरवे बंकरमध्ये (ग्रीनपासून लांब, मधल्या मैदानातल्या) समोरची कड उंच असेल तर हिरोगिरी नको. २०२३ च्या पीजीए चॅम्पियनशिपला ओक हिल कोर्सच्या १६ व्या होलवर व्हिक्टर हॉव्हलंड या बड्या खेळाडूने फेअरवे बंकरमधून ९ आयर्न मारली, बॉल समोरच्या कडेत रुतला, डबल बोगी (ठरलेल्यापेक्षा दोन फटके जास्त), आणि स्पर्धा ब्रूक्स केपका घेऊन गेला. त्याच्यासारख्याचं असं होतं तर आपण कोण.

आळशी_पटर:
बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. पायरी मीही बघितलीय करताना 😄 एकच राहिलं, पावसाळ्यात आमची वाळू ओली होऊन डांबरासारखी घट्ट होते, तेव्हाही हेच सगळं का? माझ्या ५६ ला बाउन्स १४ आहे.

वाळूतला_पाहुणा:
उभं राहणं तेच, पण घट्ट वाळूवर १४ बाउन्स उसळणार. फेस कमी उघडा किंवा सरळच ठेवा, वाळू कमी घ्या, म्हणजे इंचभर मागे, आणि स्विंग थोडा छोटा कारण बॉल जास्त जोरात निघतो. ८ च्या आसपास बाउन्सची ५८ कोणाकडे असेल तर उसनी मागून वापरून बघा, लगेच विकत घेऊ नका. प्रॅक्टिस बंकरमध्ये उतारावर बोटाने एक रेघ ओढा, बॉल न ठेवता फक्त रेघेपासून पुढची वाळू उडवत बसा. रेघेच्या मागे खड्डा पडत असेल तर वजन अजून मागेच आहे. झाल्यावर रेक मारा तेवढं, आमच्याकडे कोणी मारत नाही.