मदत हवी आहे: आजोबांची जुनी मिलिटरी जीप, इंजिन जाम, पासिंग संपलेलं

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे आजोबा (आईचे वडील) आर्मीत ईएमईला (गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) व्हेईकल मेकॅनिक होते. 1965 ला खेमकरणच्या बाजूला होते, अब्दुल हमीदांनी जीपवरच्या 106 एमएम रिकॉइललेस गनने पॅटन टँक फोडले ना, तशा गनवाल्या जीपा चालत्या ठेवायचं काम आजोबा आणि त्यांच्यासोबतचे करायचे. रिटायर झाल्यावर 1974 ला त्यांनी लिलावातली एक जीप घेतली आणि ती कोलशेतच्या आमच्या जुन्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. 26 जुलै 2005 च्या पुरात पाणी तिच्या सीटपर्यंत चढलं होतं, तेव्हापासून ती चालू झालीच नाही. आता घर रिडेव्हलपमेंटला जातंय, दिवाळीनंतर जागा खाली करून द्यायचीय आणि आजोबांचं एकच म्हणणं आहे की ती दोरी बांधून ओढत न्यायची नाही, स्वतःच्या इंजिनावर बाहेर निघाली पाहिजे. त्यांचं वय 84. मला हे त्यांच्यासाठी करायचंच आहे.

मामा म्हणतो भंगारात घाल, मोकळी हो. एका गॅरेजवाल्याने येऊन बघितलं आणि पाच मिनिटांत सांगितलं की जुनं पेट्रोल इंजिन फेकून द्या, डिझेल बसवतो, आठवड्यात पळवतो. आजोबा काही बोलले नाहीत, उठून आत गेले. म्हणून विचारतेय.

मागच्या रविवारी मी आणि भाऊ डिझेलमध्ये भिजवलेली फडकी आणि तारेचे ब्रश घेऊन बसलो. वरचा रंग निळा, तो आजोबांनीच मारून घेतलेला, त्याच्याखाली लालसर प्रायमर आणि त्याच्याखाली गडद ऑलिव्ह ग्रीन. स्टिअरिंग डावीकडे, पुढच्या जाळीला नऊ फटी, पेट्रोलची टाकी ड्रायव्हर सीटच्या खाली, म्हणजे सीट उचलल्याशिवाय पेट्रोल भरताच येत नाही. ड्रायव्हरच्या बाजूला बाहेरून फावडं आणि कुऱ्हाड अडकवायची जागा आहे. आणि हेडलाईट! त्याचं पाखराच्या पंखांसारखं, हाताने फिरवायचं नट सैल केलं की अख्खा लाईट वर फिरतो आणि उजेड बोनेटखाली इंजिनावर पडतो. लहानपणी लाईट गेले की आजोबा आम्हाला हे करून दाखवायचे, तेव्हा वाटायचं त्यांनीच बनवलंय, आता कळलं की अंधारात दुरुस्तीसाठी युद्धातल्या जीपांना ती सोयच होती.

खरा घोळ पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धात एकच जीप विलीज आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांनी बनवली, विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू, दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर. ओळखायची सोपी खूण म्हणजे रेडिएटरच्या खालचा चासीचा आडवा दांडा, विलीजचा गोल पाइप असतो आणि फोर्डचा चौकोनी, उलट्या यू सारखा. आमचा चौकोनी आहे, शिवाय कितीतरी बोल्टांच्या डोक्यावर फोर्डचा तो वळणदार एफ आहे. पण इंजिन ब्लॉकवर ऑइल फिल्टरजवळ नंबर आहे त्याची सुरुवात एमबी ने होते!! म्हणजे चासी फोर्डची आणि इंजिन विलीजचं. मग ही खरी युद्धकाळातली धरायची का? पाणी शिरलेलं इंजिन सोडवायला सुरुवात कुठून करायची? आणि पासिंग कधीच संपलंय पण 1974 चं आरसी बुक जपून ठेवलंय, त्यावर काही होईल का? आजोबांना मूळचा हिरवा रंग परत हवाय तेही बघायचंय.

प्रतिसाद, ऐरोलीहून:
ताई, आधी ते डिझेल इंजिनचं डोक्यातून काढून टाका. चासी एकाची नि इंजिन दुसऱ्याचं यात घाबरण्यासारखं काही नाही, दोन्ही कंपन्यांचे पार्ट एकमेकांना बसावेत म्हणूनच तसे बनवलेले, आर्मी वर्कशॉपमध्ये जे इंजिन तयार असेल ते चढवून गाडी परत पाठवायचे. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांनी स्वतः अशी कितीतरी बदलली असतील. बुकातला इंजिन नंबर ब्लॉकशी जुळतो का ते मात्र बघा, फोर्डचा चासी नंबर पुढच्या बाजूला डाव्या चासी पट्टीवर वरून ठोकलेला असतो, तिथे हलक्या हाताने घासा, ग्राइंडर लावू नका.

आता इंजिन. काहीही फिरवायच्या आधी इंजिन ऑइल, गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही अ‍ॅक्सल यांचे खालचे बूच उघडा, पुराचं पाणी तळाला बसलेलं असतं, आधी पाणी येईल मग काळं ऑइल. मग चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल) मिसळून ओता आणि आठ-दहा दिवस हातच लावू नका. नंतर पुढून हँडल घालून थोडं पुढे थोडं मागे, जोर नाही करायचा. स्टार्टर तर अजिबात मारू नका, पिस्टनच्या रिंग फुटतील. नाहीच हललं तर हेड काढा. हे साईड वाल्व्ह इंजिन आहे, वाल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, हेड म्हणजे नुसतं झाकण, ते उघडून सिलेंडरमधला गंज डोळ्यांनी बघता येतो. 2200 सीसी, 60 हॉर्सपॉवर, फार साधं आणि चिवट इंजिन आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, आणि आता ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं म्हणून इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी पाइप नवे घाला, जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही.

प्रतिसाद, खारघरहून:
कागदांचं मी सांगतो. 2021 पासून विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आलेत, पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. तुमचं बुक 1974 चं, म्हणजे वयात बसली. डिझेल टाकलं असतंत तर तिथेच अडकला असता. नोंदणी 10 वर्षांची मिळते, नव्या नोंदणीची फी 20,000 आहे, जुनी नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. फक्त रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी नेआण एवढंच.

रंगाचं मात्र वाईट वाटेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 121 व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. आजोबांनी निळा मारला तो त्यामुळेच असणार.

धागा काढणारी:
खूप खूप आभार दोघांचे. आजोबांना रंगाचं विचारलं तर म्हणाले हो, म्हणूनच तेव्हा बदलला होता, मला वाटलं आता एवढ्या वर्षांनी चालत असेल. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले निळाच मारू, पण बोनेटच्या आतल्या बाजूचा हिरवा तसाच राहू दे. इंजिन नंबर बुकाशी जुळला!!

अ‍ॅक्सलमधून पाणीच आलं, गढूळ, पाऊण तांब्याभर. प्लगच्या भोकांत मिश्रण घालून आज दहावा दिवस. सकाळी आजोबा लुंगी खोचून स्वतः समोर बसले, हँडल मला दिलं आणि त्यांनी ब्लॉकवर तळहात ठेवला, म्हणाले सावकाश. तिसऱ्या खेपेला आतून कर्र झालं आणि फॅनचं पातं पाव फेरा हललं. आजोबा म्हणाले थांब, आज एवढंच, उद्या परत डिझेल घाल.

आता पुढचं विचारते, गाडी 6 व्होल्टची आहे आणि आजोबा 12 ची बॅटरी लावू देत नाहीत, कॉइल आणि बल्ब उडतील म्हणतात. ठाण्यात किंवा नवी मुंबईत 6 व्होल्टची मोठी बॅटरी बनवून देणारं कोणी आहे का? आणि ब्रेकचे व्हील सिलेंडर जाम आहेत, जुनेच खोलून स्लीव्ह टाकून देणारा कारागीर माहीत असेल तर एरिया नक्की सांगा.