वडील २००१ साली वारले, बहिणीचा हिस्सा २० गुंठे की २ एकर?

शिवारवाट
८ एकर वडिलोपार्जित जिरायत. वडील २००१ साली मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण. बहिणीचं लग्न १९८९ चं. वारसनोंदीत तिचं नाव लागलं, सातबाऱ्यावर आजही आहे, वाटप मात्र झालेलं नाही. आता भाऊ जमीन विकायला निघालेत आणि घेणाऱ्याचे वकील बहिणीची सही मागतात. भावांचं म्हणणं, वडील २००५ च्या आधी वारले, म्हणजे तिचे फक्त २० गुंठे. गावात ऐकू येतं की सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाने २ एकर झाले. खरं काय? आणि निकालाची प्रत तलाठ्याकडे दिली की हिस्सा बदलतो का?

दिवाणी_दप्तर
भावांचा हिशोब जुन्या कायद्याने बरोबर आहे, म्हणूनच तो इतका पटतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या जुन्या कलम ६ प्रमाणे वडिलांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी काल्पनिक वाटप धरायचं: वडील, आई, दोन मुलगे, प्रत्येकी १/४. आईला इथे स्वतंत्र हिस्सा धरायचा आणि वारसा त्यावर वेगळा, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये गुरुपाद मगदूम प्रकरणात ठरवलं (सांगलीच्या दिवाणी न्यायालयातून गेलेला दावा). मग वडिलांचा १/४ चौघांत वाटला की बहिणीला १/१६, म्हणजे ८ एकरांत २० गुंठे.

२००५ च्या दुरुस्तीने (अंमल ९ सप्टेंबर २००५) मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलाप्रमाणेच वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनची हिस्सेदार झाली. महाराष्ट्राने हे १९९४ लाच केलं होतं, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अट नाही, त्यामुळे १९८९ चं लग्न आड येत नाही.

घोळ झाला तो दोन निकालांमुळे. २०१५ चा प्रकाश वि. फुलवती म्हणतो, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात हवेत. २०१८ च्या दानम्मा प्रकरणात वडील २००१ मध्येच वारलेले, तरी मुलींना सहदायाद म्हणून हिस्सा दिला. दोन्ही खंडपीठं दोन-दोन न्यायमूर्तींची, त्यामुळे खालच्या कोर्टात ज्याला जो सोयीचा, तो निकाल तो पुढे करायचा. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी मिटवलं: हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही, आणि काल्पनिक वाटप म्हणजे खरं वाटप नव्हे.

आता नवा हिशोब. वडील, आई, दोन मुलगे, मुलगी, प्रत्येकी १/५. वडिलांचा १/५ चौघांत, म्हणजे १/२० आणखी. १/५ + १/२० = १/४. दोन एकर. आईही वारली असेल आणि तिचं मृत्युपत्र नसेल, तर तिचा १/४ तिन्ही मुलांत जाऊन प्रत्येकी १/३.

बांधावरचा_वकील
वरचं गणित ठीक, पण त्याआधी जमीन वडिलांकडे आली कशी ते बघा. ‘वडिलोपार्जित’ हा शब्द गावात फार सैल वापरतात. आजोबांनी स्वतः खरेदी केलेली जमीन असेल आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले असतील, तर चंदर सेन (१९८६) पासून सुप्रीम कोर्ट सांगत आलंय की याच कायद्याच्या कलम ८ ने (मृत्युपत्र नसताना वारसाने) मिळालेली मिळकत वडिलांची स्वतंत्र मिळकत होते. मग विनीता शर्मा इथे लागूच होत नाही. तुमच्या प्रकरणात तरीही बहिणीला १/४ च येतो, कारण कलम ८ मध्ये विधवा, मुलगे आणि मुलगी समान वारस. फरक मृत्युपत्र असतं तर पडला असता: स्वतंत्र मिळकत वडील पूर्ण देऊ शकतात, सहदायादीतली फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरती.

म्हणून जुने फेरफार उतारे काढा. आजोबांच्या नावाला जमीन कोणत्या नोंदीने लागली, खरेदीने की वारसाने, हे त्यातच सापडतं. दाव्याचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

फेरफार_सहा
तलाठ्याच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. घटनेच्या कलम १४१ ने सुप्रीम कोर्टाने घोषित केलेला कायदा सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे, पण तलाठी किंवा मंडळ अधिकारी मालकीचा हिस्सा ठरवत नाहीत. सातबारा महसुलासाठी असतो. त्यावर नाव आहे एवढ्याने ना १/१६ सिद्ध होतो, ना १/४.

भावांनी खरेदीखत केलं तर नोंदीच्या वेळी हितसंबंधितांना जमीन महसूल संहितेच्या कलम १५० ची नोटीस निघते. १५ दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. तोंडी हरकतीचा मागमूस राहत नाही, आणि नोंद मंजूर झाली की उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करत बसावं लागतं.

शिवारवाट
भाऊ आता म्हणतात, १९९८ ला घरातल्या घरात वाटणी झाली होती, सगळे आपापला तुकडा कसतात.

दिवाणी_दप्तर
हा बचाव ठरलेलाच. २० डिसेंबर २००४ पूर्वीचं वाटप दुरुस्तीपासून सुरक्षित आहे, पण ते नोंदणीकृत वाटपपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं हवं. तोंडी वाटणी विनीता शर्माने फक्त अपवाद म्हणून ठेवली, तीही सार्वजनिक दस्तऐवजांचा ठोस आधार असेल तर. वेगवेगळं कसणं हा तसा आधार नाही, पुष्कळ घरांत ती नुसती वहिवाटीची सोय असते. तहसीलदाराचा त्या काळातला जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ चा वाटप आदेश असेल तर मात्र गंभीरपणे घ्या.

बहिणीला वाटपाचा दावा लावायचा असेल तर कुटुंबाच्या सगळ्या मिळकती आणि सगळे हिस्सेदार त्यात घाला, अर्धवट वाटपाचा दावा टिकत नाही. जमीन विकली गेली असेल तर खरेदीदारालाही प्रतिवादी करा. दावा दाखल होताच लिस पेंडन्सची (या जमिनीवर दावा चालू असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मुदत १२ वर्षं, तिला हक्कातून वगळल्याचं कळल्यापासून. शेतजमिनीचं प्रत्यक्ष मोजून वाटप हुकूमनाम्यानंतर जिल्हाधिकाऱ्यामार्फत होतं, त्यात वर्षं जातात.

पाच-सहा वर्षांपूर्वी १/१६ चा प्राथमिक (नुसते हिस्से ठरवणारा) हुकूमनामा झालेला आणि अंतिम बाकी असलेला कुणाचा दावा असेल, तर त्याच दाव्यात हिस्सा दुरुस्त करून मागता येतो.

बांधावरचा_वकील
एक जोड. हे सगळं अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही, हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २(२) त्यांना वगळतं. कमला नेती प्रकरणात (डिसेंबर २०२२) सुप्रीम कोर्टाने या कायद्याने आदिवासी मुलीला हक्क द्यायला नकार दिला आणि केंद्राला दुरुस्तीचा विचार करायला सांगितलं. आदिवासी कुटुंबाच्या जमिनीसाठी वरचं १/४ चं गणित तसंच उचलू नका.