रक्त तपासणीची भयंकर भीती, सोमवारच्या आत उपाय हवाय (मदत हवी आहे)

तापीकाठ (शुक्रवार, रात्री १०:४०)
नमस्कार, सरळ मुद्द्यावर येते कारण वेळ नाहीये. मला सुईची भीती आहे, लोक म्हणतात तशी थोडीथोडी नाही, लॅबमधला तो स्पिरिटचा वास आला तरी हातपाय गार पडतात. डॉक्टरांनी नऊ टेस्ट लिहून दिल्यात. दोनदा पायरीवरूनच परत आले, तिसऱ्यांदा आत गेले तर जे झालं ते सांगण्यासारखं नाही आणि तिथला माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्यापेक्षा चार वर्षांची पोरं बरी. आता सोमवारी रिपोर्ट घेऊनच या म्हणून निरोप आहे. एखादी गोळी असते का जी घेऊन गेलं की काही जाणवत नाही? नऊ वेळा टोचून घेणं मला या जन्मात जमणार नाही. आणि प्लीज, मन घट्ट कर वगैरे लिहू नका, ते घरात रोज ऐकते.

भरीतप्रेमी (१०:५२)
टेस्ट कशाच्या आहेत? वय काय? आजार कोणता? काहीच लिहिलं नाही तुम्ही. एवढं जिवावर येत असेल तर पुढे ढकला ना, आजकाल डॉक्टर उगाच टेस्ट लिहितात. आणि गोळी म्हणाल तर माझ्या बायकोला विमानप्रवासाच्या वेळी डॉक्टरांनी चिंतेची एक गोळी दिली होती, छान झोप लागली तिला. आमच्याकडे पाकीट पडलंय, नाव बघून सांगतो. अर्धी घ्या.

सूर्यनमस्कार (११:०५)
गोळ्यांच्या नादी लागू नका. डोळे मिटा, अंग पूर्ण सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या, अनुलोम-विलोम दहा मिनिटं. मी भुसावळला बारा वर्षं वर्ग घेतोय, कितीतरी लोकांची भीती गेलेली माझ्या डोळ्यांदेखत.

चोपड्याचे काका (११:२०)
मला लहानपणी कुत्रं चावलं होतं तेव्हा पोटात १४ इंजेक्शनं घेतली, रोज एक, सिव्हिलमध्ये पायी जायचो वडलांबरोबर. त्यापुढे हे काहीच नाही. आता म्हणे ती लस दंडात देतात आणि पाचात काम होतं. तर कुत्रं चावलं तर अजिबात घाबरू नका, आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा, हळद-चुना भरत बसू नका. आमच्या भागात अजून लोक भरतात.

तापीकाठ (११:२६)
काका मला कुत्रं चावलेलं नाहीये.

धुळ्याची समुपदेशक (११:४८)
ताई, मी समुपदेशनाचं काम करते, चार गोष्टी विचारते त्यांची उत्तरं द्या कारण सगळा उपाय त्यावर आहे. "सांगण्यासारखं नाही" म्हणजे चक्कर येऊन पडलात का, की नुसतं घाबरून पळालात? कितव्या वर्षापासून आहे? नुसतं रक्त बघूनही होतं का? आणि घरात अजून कोणाला आहे का, आई-वडील, भाऊ-बहीण?

भरीतप्रेमी, तुमचं लिहिणं आपुलकीचं आहे पण दुसऱ्याच्या नावावरची गोळी असं सांगू नका, यांच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही.

तापीकाठ (शनिवार, सकाळी ७:१०)
हो पडले. खुर्चीवरून सरळ खाली, ओठ फुटला, शुद्धीवर आले तेव्हा चार बायका माझ्यावर वाकलेल्या. सातवीत शाळेत लस टोचली तेव्हापासून आहे. रक्त टीव्हीवर दिसलं तरी मान फिरवते. घरात कोणाला नाही, आमचे वडील तर दिवसभर केळीच्या बागेत कोयता घेऊन फिरतात. आणि मी जलतरणात जिल्ह्याला गेलेली आहे, भित्री नाहीये, हे पण लिहून ठेवते.

चाळीसगावकर (७:४५)
भित्रेपणाचा संबंधच नाही ताई. मला उंचीची आहे. कन्नड घाट आमच्यापासून इतका जवळ, पण गाडी चढायला लागली की माझा शर्ट ओला होतो, दरीच्या बाजूला बसलो तर डोळेच उघडत नाहीत. नऊ वर्षं झाली, संभाजीनगरला जायचं तर रेल्वेने मनमाडवरून वळसा घालून जातो. साल्याच्या लग्नाला उशिरा पोचलो तो राग अजून आहे सासरी. घाटवाल्यांसाठी काही उपाय असेल तर तोही सांगा कोणीतरी.

सूर्यनमस्कार (८:०२)
त्यालाही तेच. सैल सोडा, श्वास.

धुळ्याची समुपदेशक (८:३०)
इथे मला थांबवावं लागेल सर. चाळीसगावकरांना तुमचा उपाय बऱ्यापैकी उपयोगी पडेल, या ताईंना उलटा पडू शकतो. घाट, पाल, लिफ्ट, कुत्रा, कशाचीही भीती असो, छाती धडधडते, बीपी वर जातं, आणि वर गेलेल्या बीपीला माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. वाटतं पडेन, पण पडत नाही. रक्ताची आणि सुईची भीती तेवढी वेगळी. तिच्यात बीपी आधी वर जातं आणि मग एकदम खाली येतं, नाडी मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. बीपी पडत असताना अंग अजून सैल सोडायला सांगितलं तर काय होईल?

अशा लोकांसाठी उपाय अंग आवळण्याचा आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात हे बसवलं. बसून हाताच्या मुठी, दंड, मांड्या, पोट सगळं एकत्र ताणायचं, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग सोडायचं, पण पूर्ण ढिलं नाही, नेहमीसारखं. वीस-तीस सेकंद थांबून परत. असं पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा. लॅबमध्ये ज्या हाताला सुई आहे तो सोडून बाकी अंग ताणायचं.

सूर्यनमस्कार (८:५५)
बारा वर्षांच्या अनुभवाला पुस्तकी ज्ञानाने खोडू नका मॅडम. माझ्या वर्गातली एक बाई अशीच होती, आता रक्तदान करते.

धुळ्याची समुपदेशक (९:०३)
ती पडायची का, की नुसती घाबरायची?

सूर्यनमस्कार (९:४०)
पडायची नाही. घाबरायची. हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं, तुमच्या प्रश्नावरून आत्ता फोन केला.

लॅबवाला नंदुरबार (१०:१५)
अठरा वर्षं लॅब टेक्निशियन आहे, जरा माझंही ऐका. पहिलं म्हणजे ताई, नऊ टेस्ट म्हणजे नऊ वेळा टोचणं नाही हो! एकाच सुईने तीन-चार बाटल्या भरतो आम्ही, वेगवेगळ्या झाकणांच्या, सुई तीच राहते, बाटली बदलते. एवढं तुम्हाला कोणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. दुसरं, गेल्या गेल्या सांगा की मी पडते, मला झोपवून घ्या. कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये कॉट असते. पडणाऱ्या पेशंटला खुर्चीवर बसवलं ही त्या माणसाची चूक, तुमची नाही. तिसरं, उन्हं बघताय ना, जाण्याआधी अर्धा लिटर पाणी पिऊन जा.
यादी टाका, कोणत्या टेस्टला उपाशी राहावं लागतं ते सांगतो.

तापीकाठ (१०:३१)
एकच सुई?? हे खरं आहे का? मी पंधरा दिवस झोपले नाहीये.
यादी: सीबीसी, रक्तगट, शुगर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ बी, व्हीडीआरएल, सिकलसेल, लघवी. शिवाय टीटीचं इंजेक्शन वेगळं, ते नंतर बघू.

लॅबवाला नंदुरबार (१०:३८)
ताई, ही यादी आणि वर टीटी. तुम्हाला दिवस गेलेत का?

तापीकाठ (१०:४४)
हो. तिसरा महिना संपतोय. ते लिहायचं राहिलं. म्हणजे सासूबाई म्हणाल्या आत्ताच कोणाला सांगू नको, म्हणून पण.

पारोळ्याची माई (१०:५०)
माय वं! आधी सांगतीस ना पोरी! भरीतप्रेमी, ती गोळी राहू द्या तुमच्याजवळच.

भरीतप्रेमी (१०:५३)
नाव सांगितलं नाही ते देवाची कृपा. ताई काहीही घेऊ नका स्वतःच्या मनाने. टेस्ट पुढे ढकला म्हणालो तेही मागे घेतो.

धुळ्याची समुपदेशक (११:१०)
मग माझ्या सांगण्यातही बदल. पोट आवळायचं नाही, फक्त हात, दंड, मांड्या, पोटऱ्या. आणि सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन करून हे करू का विचारा, पडल्याचंही त्यांना सांगा, मला वाटतं तुम्ही सांगितलेलं नाही. दोन दिवसांत भीती जाणार नाही, तसं वचन कोणी देत असेल तर ऐकू नका. सोमवारी फक्त न पडता रक्त द्यायचं, एवढंच. भीती घालवायचं काम नंतर पायरीपायरीने: आधी सिरिंजचा फोटो, मग मेडिकलमधून आणलेली नुसती सिरिंज हातात, मग लॅबमध्ये जाऊन नुसतं बसून येणं. रात्री फार घाबरायला झालं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

भरीतप्रेमी (११:२४)
एक मलम पण असतं ना, लिडोकेन-प्रिलोकेनचं, तासभर आधी लावलं की कातडी बधिर.

धुळ्याची समुपदेशक (११:३०)
असतं, आणि ते चांगलं आहे, डॉक्टरांना विचारून लावता येईल. पण या ताई वासानेच गार पडतात, दुखण्याच्या आधीच.

लॅबवाला नंदुरबार (११:४१)
यादीचं: यातलं कशालाच सहसा उपाशी राहावं लागत नाही. गरोदरपणातल्या शुगरलाही बहुतेक ठिकाणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, जेवला असाल तरी चालतं. मग त्याच वेळी सगळं रक्त एकदम द्या, म्हणजे सुई खरंच एकच. लघवीला तर सुईच नाही. तुमच्या लॅबला फोन करून हे नक्की करा.
रक्तगट टाळू नका. तुमचा निगेटिव्ह आणि मिस्टरांचा पॉझिटिव्ह निघाला तर पुढे एक इंजेक्शन वेळेवर द्यावं लागतं, बाळासाठी आणि पुढच्या बाळासाठीही. सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, तो तर आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात मी रोज बघतो, आईबाप दोघंही वाहक असले आणि कोणाला पत्ताच नसला की मग लेकराचे हाल डोळ्यांनी बघवत नाहीत. धडगावकडच्या बाया पहाटे निघून चालत येतात या तपासणीला. एवढ्यासाठी सांगतोय.
आणि टीटीच्या जागी आता टीडी देतात, धनुर्वाताबरोबर घटसर्पाचंही असतं त्यात. दंडात, दोन सेकंद.

पारोळ्याची माई (दुपारी १२:२०)
माझ्या सुनेला पालीची भीती, रात्री स्वयंपाकघरात जायची नाही. मी आधी हसायचे, मग एक दिवस ती ओट्यापाशी रडताना दिसली तेव्हापासून दिवा मी लावते. तुझ्या सासूबाईंना सांग, लाजू नको. सोबत कोण येतंय सोमवारी? एकटी जाऊ नको. कानबाई सांभाळून घेईल.

तापीकाठ (१२:४५)
मिस्टर येणार आहेत, पण ते म्हणतात बघू नकोस तिकडे की झालं. डॉक्टरांशी बोलले आत्ता, पोट सोडून ताणायला हो म्हणाल्या. आणि पडलीस हे आधी का नाही सांगितलं म्हणून ओरडल्या. बसून पाच वेळा केलं, चेहरा खरंच गरम होतो.

चाळीसगावकर (१:१०)
सोमवारी कळवा ताई. आणि मॅडम, घाटाचं पायरीपायरीने करायचं म्हणजे आधी पायथ्याला जाऊन नुसतं उभं राहायचं का?

धुळ्याची समुपदेशक (१:३०)
हो, पायथ्याचं हॉटेल, चहा, परत. चार-पाच रविवार. मग पहिलं वळण.

तापीकाठ (सोमवार, सायंकाळी ६:०५)
झालं. दुसऱ्या लॅबमध्ये गेलो, मिस्टरांनी सकाळीच फोन करून सगळं सांगून ठेवलं होतं. ग्लुकोज प्यायले, मग दोन तास बाहेर बसून मांड्या ताणत होते, शेजारची बाई विचारायला लागली काय झालं. कॉटवर कुशीला झोपवून घेतलं. एकच सुई, चार बाटल्या. मध्ये कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं, आता जाते असं वाटलं, मुठी आवळल्या, लॅबमधल्या ताई बोलत राहिल्या माझ्याशी, आणि गेले नाही. नंतर वीस मिनिटं उठू दिलं नाही त्यांनी. खूप रडले, पण घरी येऊन. अजून भीती तेवढीच आहे, हे खरं सांगते.

मॅडम, तुम्ही घरात कोणाला आहे का विचारलं होतं, मी नाही म्हणाले होते. काल वडलांना फोन केला सहज. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, तुझ्या जन्माच्या वेळी मी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात पडलो होतो, सलाइनची सुई बघून, सगळे म्हणाले उन्हाने, मीही उन्हाने म्हणालो. गावात रक्तदानाचं शिबिर असलं की ते त्या दिवशी नेमके बागेत पाणी द्यायला जायचे, ते आत्ता लक्षात आलं माझ्या.
टीडीला ते रावेरहून येतो म्हणालेत. आत नाही येणार, बाहेर बाकावर बसेन म्हणाले. त्यांना मुठी आवळायचं शिकवलंय फोनवर.