चिप उद्योगातील समभाग दीर्घ मुदतीसाठी घ्यावेत का?

निपाणीकर: तंबाखूच्या हंगामानंतर हाती आलेली काही रक्कम पाच-सात वर्षांसाठी चिप उद्योगात गुंतवण्याचा माझा विचार आहे. गुजरातमधील धोलेऱ्यातील ९१,००० कोटींचा चिप-निर्मिती प्रकल्प पाहता टाटा समूहाचा कोणता समभाग घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उद्यमबाग, बेळगाव: नमस्कार. तो प्रकल्प तैवानच्या पीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने टाटा इलेक्ट्रॉनिक्स उभारत आहे आणि ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. त्यामुळे नुसते टाटांचे नाव पाहून समूहातील दुसऱ्या कंपनीचा समभाग घेतल्यास त्या कारखान्याचा नफा आपल्या पदरात पडेलच असे नाही. साणंदच्या चिप-जुळणी प्रकल्पातील सीजी पॉवर नोंदलेली आहे, परंतु तिची मुख्य कमाई विद्युत मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि रेल्वे साहित्यातून होते. वार्षिक अहवालातील विभागवार विक्रीचा तक्ता अवश्य पाहावा.

खानापूरकर: सहमत. शिवाय हा धंदा आपल्याकडील ओतकाम कारखान्यांसारखाच तेजी-मंदीचा आहे. २०२१ मध्ये चिपअभावी वाहनांचे उत्पादन अडले होते आणि पुढे २०२३ च्या आर्थिक वर्षात मायक्रॉनसारख्या बड्या अमेरिकी चिप कंपनीला तोटा सोसावा लागला. म्हणून हंगामाचे सगळे पैसे एकदम घालू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे.

निपाणीकर: आभारी आहे. रक्कम टप्प्याटप्प्यानेच घालीन. सीजी पॉवरच्या सध्याच्या भावात ट्रान्सफॉर्मरचा वाटा किती आणि चिपच्या आशेचा किती, हे ताडून पाहण्याची एखादी सोपी रीत आहे का?