शब्दचर्चा : सामान्यकाळ म्हणजे किती सामान्य?

पाठशोधक : येत्या रविवारचं, २५ जानेवारीचं प्रवचन तयार करतोय. रविवारच्या बायबल-पाठांच्या तीन वर्षांच्या फेऱ्यातलं यंदा 'अ' वर्ष. गेल्या रविवारी योहान होता, आता मत्तय सुरू. पाठ ४:१२-२३. येशू गालीलात येतो, समुद्रकाठी पेत्र आणि आंद्रियाला हाक मारतो, ते जाळी तिथेच टाकून निघतात. मी पहिल्या ओळीत 'सामान्यकाळातला तिसरा रविवार' असं लिहिलं. सामान्यकाळ म्हणजे चर्चच्या वर्षातले आगमन, नाताळ, उपवास, पुनरुत्थान हे खास काळ सोडून उरलेला काळ. ज्यांना वाचून दाखवलं ते म्हणाले, "माणसं सगळं सोडून चाललीत आणि तू काळाला सामान्य म्हणतोस?" लॅटिनमध्ये हा नुसता 'पेर आन्नुम', म्हणजे वर्षभरातला काळ. इंग्रजीतल्या 'ऑर्डिनरी'चं नातंही क्रमांकाशी सांगतात. मराठीत दोन्ही अर्थ हरवले. दुसरा शब्द आहे का?

अनुस्वार : सरळ 'वर्षकाळ' म्हणा. लॅटिनला धरून आहे.

झाकलं माणिक : ऐकणाऱ्याला तो 'वर्षाकाळ' ऐकू येणार. ऐन जानेवारीत छत्र्या! काना कागदावर दिसतो, व्यासपीठावरून नाही.

अनुस्वार : मग 'साधारणकाळ'.

झाकलं माणिक : पत्रात 'प्रकृती साधारण आहे' असं आलं की आमच्या घरचे लगेच गाडी पकडायचे. नको.

जुना बाक : आमच्या जुन्या वळणाच्या प्रोटेस्टंट मंडळीत ही भानगडच नव्हती. त्रैक्याच्या, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांच्या सणापासून 'त्रैक्यानंतरचा अकरावा रविवार', 'बारावा रविवार' असं मोजत मोजत नाताळाआधीच्या आगमनकाळापर्यंत यायचं. त्या काळाला नावच द्यायचं नाही. तुमचा क्रमांकाचा अर्थ त्यात आपोआप येतो. बाकी, तुम्ही 'प्रवचन' म्हणता ते कानाला खटकतं. आम्ही 'संदेश' म्हणतो. आजोबांच्या वेळी 'उपदेश' होता.

अनुस्वार : संदेश हल्ली फोनवर येतात. आणि उपदेश कुणाला हवाय? 'प्रवचन' भारदस्त आहे : प्र अधिक वच्, उलगडून सांगणं.

जुना बाक : प्रवचन म्हटलं की पुढ्यात ज्ञानेश्वरी दिसते.

तिठा : प्रवचनाला मुळात ग्रीक शब्द 'होमिलिया'. त्याचा अर्थ संगत, बोलणं. लूक २४:१४ मध्ये दोघे शिष्य अम्माऊसच्या वाटेवर आपसात बोलत चाललेत, तिथे ह्याच शब्दाचं क्रियापद आहे. हा पाठ यंदा पुनरुत्थानकाळाच्या तिसऱ्या रविवारी येईलच. म्हणजे उपदेशही नाही आणि प्रवचनही नाही, चालता चालता केलेलं बोलणं. मला 'हितगुज' सर्वांत जवळचा वाटतो.

झाकलं माणिक : हितगुज दोघांत होतं. तीनशे जणांशी एकट्यानेच केलं तर त्याला भाषण म्हणतात.

अनुस्वार : विनोद पुरे. हिंदू परंपरेतले शब्द घ्यायचे की नाही, हा खरा मुद्दा. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ओव्यांमध्ये ख्रिस्तकथा सांगितली आणि स्वर्गाला बेधडक 'वैकुंठ' म्हटलं. चारशे वर्षांनी आपण 'प्रवचन'ला का बिचकायचं?

जुना बाक : पंडिता रमाबाईंनी नेमकी उलटी वाट धरली, तीही सांगा. त्यांनी मूळ भाषांवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. संस्कृतप्रचुर शब्द आणि ज्यांना दुसऱ्या दैवतांचा वास आहे असे शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले. संस्कृतच्या बळावर 'पंडिता' झालेल्या बाईने हे करावं, याचं मोल मला स्टीफन्सपेक्षा जास्त वाटतं.

झाकलं माणिक : वासच टाळायचा तर आधी 'व्यासपीठ' काढा. व्यासांचं आसन आहे ते.

जुना बाक : आम्ही पुलपिट म्हणतो.

अनुस्वार : धन्य!

तिठा : निदान 'गॉस्पेल'साठीचा 'शुभवर्तमान' तरी शाबूत ठेवा. वर्तमान म्हणजे बातमी. जुन्या पत्रव्यवहारात 'इकडील वर्तमान' असायचं, 'वर्तमानपत्र' हेही त्यातलंच. आमच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सगळं घडलं भूतकाळात, मग शुभ वर्तमान कसं?" व्याकरणाच्या पुस्तकातून आलेला प्रश्न. पण प्रवचनाची याहून चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

अनुस्वार : लोकव्युत्पत्तीला डोक्यावर घेऊ नका, उद्या 'मत्तय' म्हणजे 'मत्त' म्हणाल. सगळीकडे 'सुवार्ता' करा, प्रश्नच मिटला.

जुना बाक : मिटत नाही. सुवार्ता सांगतात, शुभवर्तमान वाचतात. 'मत्तयाची सुवार्ता' म्हटलं की मत्तयाच्या घरी पाळणा हलल्यासारखं वाटतं.

पाठशोधक : मंडळी, माझा काळ बाजूलाच राहिला. मोजण्याचा मार्ग पटला. 'वर्षातला तिसरा रविवार' एवढंच लिहितो.

झाकलं माणिक : पंचवीस तारखेला? तो चौथा आहे. लोक भिंतीवरचं कॅलेंडर बघून येतात.

पाठशोधक : ही मोजणी प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर सुरू होते, आणि रविवार दुसऱ्यापासून मोजतात. पहिला असा नसतोच, त्या जागी तो सण असतो.

झाकलं माणिक : एवढं पहिल्या ओळीत सांगणार? पेत्र जाळी टाकेपर्यंत अर्धं देऊळ घरी गेलेलं असेल.

तिठा : मग ओळच गाळा. रविवार कितवा हे सुरुवातीला सांगून झालेलंच असतं. तुम्ही थेट समुद्रकाठी जा.

अनुस्वार : गाळणं म्हणजे पळवाट. शिवाय 'बाप्तिस्मा'ला 'स्नानसंस्कार' हा स्वच्छ मराठी शब्द असताना तो इथे कुणीच वापरला नाही, हे नोंदवून ठेवतो.

जुना बाक : बाप्तिस्मा मराठीच आहे. या, बोला.